चिकाटी, हट्ट आणि सोमवारची सभा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही कोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या अध्यक्ष, सभासद तीनशेच्या आसपास. पहिल्या वर्षी घेवडा साफ करायचं यंत्र हंगाम उलटून गेल्यावर आलं. दुसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याने आल्याचे पैसे थकवले. दहापैकी चार संचालक बाजूला झाले. जो भेटतो तो सांगतो, ‘चिकाटी सोडू नका.’ तुम्ही विचारताय की ही चिकाटी म्हणजे नेमकं काय, ती उपजत असते की शिकता येते, आणि ती संपून हट्ट कुठे सुरू होतो. शेवटच्या ओळीत तुम्ही असंही लिहिलंय की सभेत बोलताना तुम्हाला रडू येतं, हे पुढारपण करणाऱ्याला शोभतं का. त्या ओळीकडे मी शेवटी येतो.

मी पलूस तालुक्यात कृष्णेकाठच्या एका सहकारी उपसा जलसिंचन संस्थेत अठ्ठावीस वर्षं काढली. आधी सचिव, मग चेअरमन. नदीतून पाणी उचलायचं, टेकाडापर्यंत चढवायचं, पाळीप्रमाणे शेतात सोडायचं आणि पाणीपट्टी गोळा करून वीजबिल भरायचं, एवढाच आमचा धंदा. पण या धंद्यात नदी वर आली तरी मार आणि खाली गेली तरी मार. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले. उन्हाळ्यातल्या उपसाबंद्या, म्हणजे नदीतून पाणी उचलायला घातलेली मनाई, तर मोजल्याच नाहीत. त्यामुळे पडणं आणि उठणं यावर चार शब्द सांगायचा अधिकार मला आहे असं वाटतं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. तडाखा बसल्यावर सावरणं ही एक गोष्ट. एकच काम वर्षानुवर्षं नेटाने रेटत राहणं ही दुसरी. काही माणसं पहिल्यात पटाईत असतात. पूर आला की रात्रंदिवस पाण्यात उभी राहतात, पण पुढं सहा महिने रोज वसुलीचा तगादा लावायचा म्हटलं की त्यांचा जीव कंटाळतो. काही माणसं दुसऱ्यात पक्की असतात. वीस वर्षं एकही सभा चुकवत नाहीत, पण एक दणका बसला की अंथरूण धरतात. नेतृत्व करणाऱ्याला दोन्ही लागतं, आणि माझ्या अनुभवात दोन्हीचं मूळ त्याच्या स्वभावात कमी आणि लोकांशी असलेल्या त्याच्या व्यवहारात जास्त असतं. नेत्याचा धीर हा लोकांकडून उसना घेतलेला असतो. लोक तो देतात, वाढवूनही देतात, पण त्याचं व्याज हिशोबाने फेडावं लागतं. हिशोब झाकला की लोक आपला धीर काढून घेतात, आणि मग अंगात कितीही ताकद असली तरी उपयोग होत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००५ साली माझ्या हातून हीच चूक झाली.

त्या वर्षीच्या पुरात पंपहाऊस बुडालं. मोटारी जळल्या, स्टार्टरचं पॅनल गेलं, जॅकवेल, म्हणजे नदीकाठची पाणी उचलायची विहीर, गाळाने भरलं. मी नुकताच चेअरमन झालो होतो. लोक घाबरू नयेत म्हणून पहिल्याच सभेत सांगून टाकलं, ‘काळजी करू नका, दिवाळीच्या आत पाणी सुरू.’ आतून मात्र मला माहीत होतं की दुरुस्तीसाठी काढलेलं कर्ज पुरणार नाही, आणि एका ठेकेदाराला दिलेली आगाऊ रक्कम परत येण्याची चिन्हं नाहीत. ते मी तिघाजणांत ठेवलं. वाटलं, एवढं ओझं आपणच वाहावं, हीच तर चेअरमनची जबाबदारी. पाणी खरोखर दिवाळीनंतर पंधरा दिवसांत सुरू झालं. लोकांनी हार घातले. फेब्रुवारीत ऑडिटरच्या कागदावर ती आगाऊ रक्कम दिसली आणि गावात बोंब झाली. मी पैसे खाल्ले असं कुणी म्हणालं नाही. पण ‘आम्हाला का सांगितलं नाही?’ या एका प्रश्नावर लोक अडले. पाणी मिळत होतं, ऊस उभा होता, तरी पट्टी भरेनात. ती थकबाकी निस्तरायला चार वर्षं गेली. मोटारी तीन महिन्यांत दुरुस्त झाल्या, माणसं दुरुस्त व्हायला चार वर्षं लागली.

आता २०१९ सांगतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही वरच्या अंगाला, पण कोयनेतून सोडलेलं पाणी आणि चोहोकडचा पाऊस मिळून नदी ज्या वेगाने चढली तसं आमच्या म्हाताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. पाच मोटारींपैकी दोनच चेनपुलीने वर काढता आल्या. तिसरीला साखळी अडकवली तेव्हा पाणी मांड्यांना लागलं होतं. ऑपरेटर पोरगा म्हणाला, ‘काका, एवढी काढू.’ मी त्याला हात धरून बाहेर ओढलं. मोटार पुन्हा मिळते. तो निर्णय मला आजही माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात बरोबर निर्णय वाटतो.

पाणी ओसरल्यावर उसाची अवस्था बघवत नव्हती. शेंड्यात गाळाचं पाणी गेलं की ऊस वरून मरतो आणि डोळ्यातून पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात. लांबून हिरवं दिसतं, हातात घेतलं की पोकळ. सगळ्या शिवाराला कुजका वास. अशा वेळी तिसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात सभा घेतली. या वेळी मी भाषणाची तयारी केली नाही. भिंतीवर खडूने चार रकाने आखले. काय गेलं, काय वाचलं, किती पैसा आहे, काय माहीत नाही. शेवटचा रकाना सगळ्यात लांब झाला. विम्याचे किती मिळतील, माहीत नाही. बुडालेल्या मोटारींचं वायंडिंग, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळणं, होईल की मोटारीच बदलाव्या लागतील, माहीत नाही. रायझिंग मेनचे, म्हणजे पाणी टेकाडावर चढवणाऱ्या मोठ्या पाइपचे, सांधे कुठे सुटलेत, गाळ निघाल्याशिवाय माहीत नाही. पाणी कधी सुरू होईल, तेही माहीत नाही. एकच तारीख मी दिली. दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता इथेच बसायचं, आणि त्या आठवड्यात जे झालं आणि जे झालं नाही ते भिंतीवर लिहायचं.

ताई, या सोमवारांनी आम्हाला तारलं. तिसऱ्या सोमवारी माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. मोटारी सांगलीला वायंडिंगला पडून होत्या. पूरपट्ट्यातल्या सगळ्या मोटारी तिथेच आल्या होत्या, त्यामुळे आमचा नंबर लागेना. मनात आलं की आज सभा नको, पुढच्या सोमवारी एकदम चांगली बातमी घेऊन जाऊ. तरी गेलो आणि भिंतीवर लिहिलं, ‘या आठवड्यात काहीही झालं नाही.’ चाळीसेक माणसं होती. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक सभासद म्हणाला, ‘मोटार येईपर्यंत जॅकवेलचा गाळ तरी काढूया की. हात तर रिकामेच आहेत.’ दुसऱ्या दिवशी पहाटे सोळा पोरं घमेली घेऊन हजर. मी कुणाला बोलावलं नव्हतं. गाळ काढायचा ठेका द्यायचा म्हटलं असतं तर तेवढे पैसे संस्थेकडे नव्हते. काहीच झालं नाही हे कबूल केलं नसतं, तर त्या पोरांना आपली गरज आहे हे कळलंच नसतं.

म्हणून तुम्हाला मी पहिली गोष्ट सांगेन ती ही की एक वार ठरवा. महिन्यातून दोनदा चालेल, पण वार आणि वेळ हलवायची नाही. सभासद पाच आले तरी बसायचं. संकटात माणसाला ‘सगळं ठीक होईल’ या शब्दाचा आधार फार काळ पुरत नाही. ‘सोमवारी सातला कळेल’ याचा पुरतो.

आपल्या भागात असं ठरलेल्या तारखेवर चाललेलं फार मोठं काम आहे, आणि त्याची गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे. गाव कृष्णाकाठचं, बागायती. स्वातंत्र्यलढ्यात साताऱ्याच्या प्रतिसरकारात लढलेला हा माणूस. पुढे त्यांनी वाळव्यात हुतात्मा किसन अहिर यांच्या नावाने साखर कारखाना उभा केला. तेवढ्यावर थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण १९९३ पासून त्यांनी दुष्काळी आटपाडीत पाणी परिषदा घ्यायला सुरुवात केली, कृष्णा खोऱ्यातल्या १३ दुष्काळी तालुक्यांना हक्काचं पाणी मिळावं म्हणून. श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि सांगोल्याचे शेकापचे नेते गणपतराव देशमुख त्यांच्यासोबत होते. परिषद वर्षामागून वर्ष भरत राहिली. सरकारं बदलली, योजनांची कामं निधीअभावी रखडली, तरी आटपाडीला माणसं जमायची ती जमायचीच. आज टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आटपाडीच्या शिवारात खेळताना दिसतं, तेव्हा मला त्या सगळ्या मधल्या वर्षांच्या परिषदा आठवतात, ज्यांच्यातून त्या त्या वर्षी पाण्याचा थेंबही आला नव्हता. त्या परिषदांनी एक केलं. मागणी जुनी होऊ दिली नाही, आणि आपण एकटे नाही हे वर्षातून एकदा लोकांना डोळ्यांनी बघू दिलं. अण्णा २०१२ साली गेले. परिषद त्यांच्यामागेही भरत राहिली. एका माणसाची चिकाटी त्याच्यानंतर टिकते ती अशी, एखाद्या रिवाजात उतरल्यावर.

दुसरी गोष्ट नकाराची. तुमच्या कंपनीला बँकेने खेळतं भांडवल नाकारलं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय आणि पुढे सरकलाय. माझ्या मते तिथे थांबायला हवं होतं. नकार आला की आपण दोनच गोष्टी करतो, चिडतो किंवा खचतो. तिसरी गोष्ट म्हणजे नकारात लिहिलेलं कारण उचलून त्यावर काम करणं. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. चेतना गाला सिन्हा आणि माणमधल्या बायांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. कारण काय, तर प्रवर्तक बायांपैकी काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायांनी गावात परत येऊन अक्षरओळख सुरू केली. दिवसभर रानात राबून रात्री पाटी-पेन्सिल. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि सांगितलं, आम्हाला वाचता येत नव्हतं पण व्याजाचा हिशोब तोंडी येतो, तुमच्या माणसांशी लावून बघा. १९९७ साली परवाना मिळाला. यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मधला काळ. आम्हा गरिबांवर अन्याय झाला असं म्हणत मोर्चा काढणं सोपं होतं, आणि ते चुकीचंही ठरलं नसतं. त्यांनी नकारातला जो भाग आपल्या हातात होता तो दुरुस्त केला, आणि जो भाग समोरच्याचा गैरसमज होता तो समोरच बसून खोडून काढला. बँकेने तुम्हाला नाही म्हटलं त्याचं लेखी कारण मागून घ्या. ताळेबंद, तारण की थकलेली येणी, नेमकं कशावर बोट ठेवलंय ते कळल्याशिवाय पुढचा अर्ज म्हणजे वेळेची नासाडी.

किर्लोस्करवाडी माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, पण तो दोन वर्षं विकलाच गेला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली आणि १९१० साली निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभा राहिला. ही गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. नांगराच्या आधी त्यांनी सायकलींचं दुकान चालवलं होतं, कडबा कापायची यंत्रं केली होती. म्हणजे नांगर पडून असला तरी हातात दुसरं काही करण्याची विद्या होती. एकाच वस्तूवर सगळं लावून दोन वर्षं वाट बघता येत नाही. तुमच्याकडे घेवडा आहे आणि आलं आहे. दोन्ही पिकं एकाच व्यापाऱ्याच्या दारात नेऊ नका, एवढं सोपं सांगणं यातून निघतं.

आता ज्या गोष्टीवर मला जरा जास्त बोलायचंय तिकडे येतो. आपल्या चिकाटीची किंमत कोण भरतंय?

कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेतल्याशिवाय साताऱ्यात चिकाटीवर बोलताच येत नाही. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवतील असं वसतिगृह चालवलं. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. हाच माणूस आधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडला होता, त्यामुळे खेड्यातली घरं न् घरं त्यांना ठाऊक. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, हेही सांगतो. त्या १९३० साली गेल्या. रयतचा वटवृक्ष कुठवर पसरला ते त्यांना बघायला मिळालं नाही.

लक्ष्मीबाईंनी जे दिलं ते समजून, मनापासून दिलं. कडक सोवळ्याच्या वातावरणातून आलेल्या त्या बाईने सगळ्या जातीच्या पोरांना आपल्या हाताने जेवू घातलं. ते काम जितकं कर्मवीरांचं तितकंच त्यांचं. पण त्यांची गोष्ट ऐकून आपल्यासारखे लोक घरच्यांना न विचारता त्यांच्याकडून तशीच अपेक्षा करायला लागतात, हे मी स्वतःवरून सांगतो. २००६ साली संस्थेचं वीजबिल भरायला मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. तिला विचारलं, पण कसं? उद्या कनेक्शन तुटणार म्हणून आदल्या रात्री अकरा वाजता. त्याला विचारणं म्हणत नाहीत. तिने काढून दिल्या, एक शब्द बोलली नाही. कित्येक वर्षांनी सहज बोलता बोलता म्हणाली, ‘तुमची संस्था उभी राहिली, पण त्या रात्री मला नाही म्हणायची सोय नव्हती.’ त्यानंतर मी नियम केला की संस्थेच्या कामासाठी घरातला रुपया लावायचा नाही. लावायचाच झाला तर निदान आठवडाभर आधी घरात बोलायचं, आणि ‘नाही’ आलं तर ते नाहीच.

तुम्ही लिहिलंय की मागच्या हंगामात काही सभासदांचे पैसे तुम्ही घरातून भागवले. मला तुमचं मन कळतं. तरीही हे थांबवा. याने तुमचं घर मोडतं, आणि कंपनीही सुधारत नाही. कारण तोटा झाकला जातो, आणि झाकलेल्या तोट्यावर कुणी उपाय शोधत नाही. शिवाय उरलेले सहा संचालक ‘मॅडम बघतील’ या सवयीला लागतात.

आता हट्टाचं. फरक ओळखायचा एक उपाय मला फार उशिरा सापडला. आमच्या संस्थेने वरच्या माळासाठी दुसरा टप्पा काढायचं ठरवलं होतं. दीडशे एकरांच्या आसपास जमीन, सगळी मुरमाड. पाणी दुसऱ्यांदा उचलायचं म्हणजे वीजबिल दुप्पट. पहिल्या वर्षी मी सभेत आकडे मांडत होतो, एकरी खर्च इतका, उत्पन्न इतकं. दुसऱ्या वर्षी विजेचे दर वाढले, पाइपांचा खर्च वाढला, आणि मी आकड्यांपेक्षा ‘आपण शब्द दिलाय’ हे जास्त बोलायला लागलो. तिसऱ्या वर्षी तर माझ्या तोंडात एकच वाक्य, ‘आत्तापर्यंत एवढा खर्च केलाय, आता मागे कसं फिरायचं?’ ज्या दिवशी पुढचं काही सांगण्यासारखं उरत नाही आणि आपण मागे किती घातलं तेच मोजायला लागतो, त्या दिवशी चिकाटी संपलेली असते. आमच्या एका जुन्या संचालकाने मला हे तोंडावर सांगितलं. राग आला. घरी येऊन तीन वर्षांची प्रोसिडिंगं, म्हणजे सभांची इतिवृत्तं, काढून वाचली, आणि माझीच वाक्यं मला दिसली.

दुसरा टप्पा आम्ही बंद केला. पाइप विकले, माळावरच्या सभासदांचे भाग परत केले, तेही तीन हप्त्यांत. बंद करायचा ठराव मी स्वतः मांडला. दोन-तीन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. त्यांच्या पोरांनी त्या पाण्याच्या भरवशावर द्राक्षाची स्वप्नं पाहिली होती. पण पहिल्या टप्प्याच्या सभासदांचं पाणी त्यामुळे टिकलं. सभासदाच्या शेताला परवडणारं पाणी मिळावं हे ध्येय होतं, माळावर पाइप नेणं ही वाट होती. ध्येय धरायचं, वाट बदलायची. हे सांगायला सोपं आहे, आणि वाट आपणच आखलेली असली की फार जड जातं.

तुमच्या कंपनीसाठी याचा अर्थ असा की थांबायची रेषा आत्ताच, डोकं शांत असताना आखून ठेवा. अक्षय्यतृतीयेच्या आल्याच्या लागणी झाल्यात, घेवड्याची पेरणी पावसावर होईल. संचालक मंडळात ठराव करून लिहा की यंदा घेवड्यात अमुक इतका माल रोखीने फिरला नाही, किंवा दिवाळीपर्यंत तोटा अमुक रकमेच्या वर गेला, तर कंपनी खरेदी-विक्री थांबवेल आणि फक्त बियाणं-खताचं काम करेल. रक्कम तुम्हीच ठरवा, पण आकड्यात ठरवा. ‘बघू परिस्थिती’ असं ठरावात लिहू नका. अशी रेषा आखली की तिच्या अलीकडे मोकळेपणाने झुंजता येतं. थांबावं की चालावं हा प्रश्न रोज पहाटे उठून स्वतःला विचारावा लागत नाही. तुम्हाला झोप लागत नाही असं लिहिलंय, त्याचं अर्धं कारण हा रोजचा प्रश्न असावा.

त्या व्यापाऱ्याचं थोडक्यात. त्याने दिलेला चेक वटला नसेल तर चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत वकिलामार्फत मागणीची नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत तर त्यापुढच्या महिन्याभरात न्यायालयात तक्रार दाखल करायची. या मुदती चुकल्या की हातातलं हत्यार बोथट होतं. ‘माणूस ओळखीचा आहे, देईल’ म्हणून वाट बघण्याला कुणी चिकाटी म्हणू नये. यंदा आल्याची गाडी उधारीवर भरायचीच नाही. पाचशे किलोच्या गाडीमागे दोन पैसे कमी आले तरी रोखीचा व्यवहार करा. नवं आणि जुनं आलं निवडून वेगळं घेणार की एकत्र, हेही भरण्याआधी कागदावर घ्या. तुमच्या भागात सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जे चार संचालक गेले त्यांच्या घरी एकेकट्या जा. परत या म्हणायला जाऊ नका. ‘तुम्हाला काय खटकलं ते मला लिहून घ्यायचंय’ एवढंच म्हणा, आणि वही उघडून खरंच लिहून घ्या. मधे बोलू नका, बाजू मांडू नका, चहा प्या आणि निघा. मी २००६ साली अशा अकरा घरी गेलो होतो. दोघांनी दारातूनच परत पाठवलं. बाकीच्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं मला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यातला एकजण पुढे माझा व्हाइस चेअरमन झाला, आणि २०१९ च्या पुरात माझं ब्लडप्रेशर चढून मला तीन दिवस अंथरुणात पडावं लागलं तेव्हा संस्था त्यानेच चालवली. तुमच्याही हाताखाली असं एक माणूस आत्तापासून तयार करा. तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर चेकवर सही कोण करेल याचं उत्तर आज तुमच्याकडे नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते शोधा.

चिकाटी शिकता येते का, या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे. पण ती ऐन पुरात शिकता येत नाही. साध्या दिवसांत वेळेवर सभा घेणं, वही रोजच्या रोज लिहिणं, पट्टी मागायला लाज न वाटू देणं, चूक झाली तर त्याच आठवड्यात सांगणं, अशा बारीक गोष्टींतून ती अंगात मुरते. पुराच्या दिवशी तेच अंगवळणी पडलेलं उपयोगी येतं.

आता तुमची शेवटची ओळ. २०१९ च्या त्या पहिल्या सभेत आमचा एक पाटकरी होता. तीस वर्षं सभासदांच्या शेताला पाणी दिलेला माणूस. त्याचं स्वतःचं घर पुरात पडलं होतं. मी भिंतीवर ‘काय गेलं’ हा रकाना लिहायला घेतला आणि तो मागून मोटारींचे नंबर सांगू लागला, एक, तीन, पाच. पाचव्या नंबराला त्याचा आवाज फुटला. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, हातात खडू, आणि मलाही पुढचं दिसेना. मंडपात दोनशे माणसं. मी वळलो नाही, डोळेही पुसले नाहीत. थोडा वेळ तसाच थांबलो. मग त्याला विचारलं, ‘पाचची फाउंडेशन शाबूत आहे का?’ तो नाक ओढत म्हणाला, ‘आहे, काका. बोल्टसुद्धा जागेवर आहेत.’ मी ‘काय वाचलं’ या रकान्यात ते लिहिलं.

तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. फक्त हातातला कागद खाली ठेवू नका. डोळे निवळले की पुढची ओळ वाचा.